काडीभर जागा

काकासाहेबांनी काडेपेटीतली एक काडी काढली आणि टायर नि ब्रेकच्या मधल्या फटीत घातली. काडी अडकली.

"हे बघ," ते म्हणाले. "काडीला जागा न्हाई, आन तू मडगार बसवा म्हणून राह्यला."

"पुरा पाहिजे," अंगद म्हणाला. "पुढचा बी, मागचा बी. अर्धा नको."

सायकल रेसची होती. करंगळीएवढे टायर, स्टँड नाही, कॅरियर नाही. भोकरदन नाक्यावरच्या काकासाहेबांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या दाराला ती परक्या पाहुण्यासारखी टेकून उभी होती. काकासाहेबांनी चाळीस वर्षांत मडगार काढून फेकणारी पोरं पुष्कळ पाहिली होती. बसवून मागणारा हा पहिलाच.

"कपडे खराब व्हायलेत का तुझे?"

"माझे न्हाई. मागच्याचे."

"मागं कोण हाय?"

अंगदनं आधी रस्त्याकडं पाहून घेतलं. "ज्योत्स्ना म्हणून हाय. बँकेत. दर रविवारी आम्ही आपापल्या सायकलीवर राजूरच्या गणपतीला जातो. मी पुढं, ती मागं."

"बोलता काय?"

"मागं वळलं की हँडल हलतं. तिच्या चेनचा आवाज येतो फक्त. तेवढ्यावर जातो मी राजूरपर्यंत."

काकासाहेब फडक्यानं पाना पुसायला लागले.

"आता राजूरचा रस्ता खोदलाय," अंगद म्हणाला. "माझ्या चाकाचा सगळा चिखल तिच्या तोंडावर. गेल्या रविवारी देवळापाशी भजे खाताना म्हणली, अंगद, तुझ्या मागं मागं मी किती दिवस चिखल खायचा?"

काकासाहेबांच्या हातातला पाना थांबला. "आन तू काय म्हणला?"

"म्हणलं, आठ दिवस दे."

अंगद बियाणाच्या कंपनीत होता. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि आठव्या दिवशी त्यातले किती उगवले ते मोजायचे, हे त्याचं काम. त्यामुळे कोणत्याही प्रश्नाला तो आठ दिवस मागायचा.

"मंग ती?"

"तिनं उरलेले भजे माझ्याकडं सरकवले. परवा सोमवारी बदलीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस हाय तिचा. अकोल्याला गेली तर..." त्यानं घंटी वाजवायला अंगठा नेला. त्या सायकलीला घंटीही नव्हती. "म्हणून आजच पाहिजे. उद्या रविवार हाय."

काकासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग सायकलीकडं. दोन्हींकडं आत काही शिरायला जागा दिसत नव्हती. त्यांनी सायकल उचलून कामाला घेतली, कारण सायकल जास्त सोपी होती.

ब्रेकखालून अखंड मडगार जाईना, म्हणून त्यांनी तो तिथंच कापला आणि अलीकडं एक, पलीकडं एक असे दोन तुकडे बसवले. लांबून तो एकच वाटला पाहिजे, ही अंगदची अट. नट लावायला भोकं नव्हती. जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून पट्ट्या आवळल्या. चाक फिरवलं, घासलं. कानस मारली, फिरवलं, घासलं. दुपारचा चहा झाला, संध्याकाळचा झाला. सहाच्या सुमाराला चाक बिलकुल आवाज न करता फिरलं आणि दोघंही जरा वेळ ते फिरताना नुसतं पाहत बसले.

"ट्रायल पाहिजे," अंगद म्हणाला.

काकासाहेब आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. तो ते फक्त लग्नाला घालत. त्यांनी दुकानासमोरच्या मातीत दोन बादल्या पाणी ओतलं, आपली जुनी सायकल काढली आणि अंगदच्या मागं लावली.

"चल. जोरात."

पुढं अंगद, मागं लग्नाच्या शर्टातले काकासाहेब, असे ते चिखलातून सहा वेळा गेले. पानटपरीवरच्या लोकांनी काही विचारलं नाही. सहाव्या फेरीला अंगदनं न राहवून मागं वळून पाहिलं. हँडल हललं. मागं काकासाहेबच होते.

दोघं उतरले. अंगदनं त्यांचा शर्ट वाकून, बोटाबोटानं तपासला.

"एक थेंब न्हाई, काका! आता ती किती बी दिवस मागं येऊ दे."

"आन तिला बराबर यायचं असलं तर?"

"बराबरच बसवलाय की तुम्ही."

"बराबर म्हणजे बाजूला रे, येड्या. सोबत."

अंगद मडगाराकडं पाहत राहिला. मग चाकाकडं. मग चाकाच्या शेजारच्या मोकळ्या जमिनीकडं.

"बाजूच्याला चिखल उडतच न्हाई," तो सावकाश म्हणाला.

"उगवला," काकासाहेब म्हणाले. "शंभरातला एक उगवला."

अंगदचे कान लाल झाले. बराच वेळ तो पट्टीचा एक स्क्रू नखानं खरवडत राहिला.

"काका, हे काढायला किती वेळ लागंल?"

"राहू दे आता. जा."

तो गेला. काकासाहेब पांढऱ्या शर्टात दाराशी उभे राहून पाहत होते. रस्ता पुरा मोकळा होता. अंगद मात्र डांबराच्या अगदी कडेनं, जवळजवळ मुरमातून चालला होता, उजव्या हाताला एका सायकलीची जागा सोडून.