वडिलांकडून आलेलं

"दादा, घाबरू नकोस हं," धाकटी खाटेच्या कडेवर टेकत म्हणाली. "आधी पूर्ण ऐकून घे."

दादा नुकताच पाळीवरून आला होता. अंगात अजून बसचालकाचा गणवेश होता. एक बूट काढून तो दुसऱ्याची नाडी सोडवत होता.

दवाखान्यातून ती तडक इकडेच आली होती. चार दिवसांपूर्वी लाँड्रीत इस्त्री करता करता ती कोसळली, आणि आज तपासणीत कारण निघालं. येताना वाटभर तिला स्वतःची काळजी कमी आणि दादाला हे कसं सांगायचं याचीच जास्त होती.

"मला हृदयाचा आजार निघालाय. स्नायू जाड झालाय म्हणतात. बाबांकडून आलाय. बाबा बसल्या बसल्या गेले ना, ते हेच असणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भावंडं, त्यांची मुलं, सगळ्यांना तपासा. वेळेवर कळलं तर माणूस गोळ्यांवर नीट जगतो. तू उद्याच्या उद्या माझ्याबरोबर चल."

दादा नाडीशीच खेळत राहिला. तिला वाटलं, हबकला बिचारा. त्याला धीर यावा म्हणून तिने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून त्याच्यापुढे धरली.

"हे बघ. एवढंच. रोज दोन गोळ्या."

वहिनी पाणी घेऊन आली. तिची नजर पट्टीवर गेली.

"ह्या उपाशीपोटी घेऊ नका हं ताई," ती मायेने म्हणाली. "फार गरगरतं."

मग ती जागच्या जागी थिजली. नवऱ्याकडे बघितलं, पेला खाटेवरच टेकवला आणि आत जाऊन नळ मोठा सोडला. धुवायला भांडी काही नव्हती.

धाकटीने पट्टी खाली ठेवली.

"दादा, कधीपासून?"

"सहा वर्षं," तो बुटाकडे बघत म्हणाला. "लांबच्या खासगी दवाखान्यात दाखवलं. नाव बदलून."

मधल्या भावाला जाऊन तीन वर्षं झाली होती. गोदामात पाठीवर पोतं घेऊन निघालेला तो खाली बसला, तो उठलाच नाही. शवविच्छेदन करायचं का, असं पोलीस विचारायला आले तेव्हा दादाच पुढे झाला. म्हणाला, कशाला उगाच चिरफाड, पीत होता तो. तेच कागदावर चढलं. दारू पिऊन पडला म्हणत ठेकेदाराने हात झटकले. मधली वहिनी त्यानंतर आठ दिवस घराबाहेर पडली नव्हती. लोकांना तोंड कसं दाखवू, एवढंच म्हणायची.

"तो पीत नव्हता," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे मला."

"तुला माहीत होतं! आणि मीसुद्धा सगळीकडे तेच सांगत फिरले. तू सांगितलंस म्हणून."

दादाने पहिल्यांदा मान वर केली. "त्याला चिरलं असतं तर आजार बाहेर आला असता. मग विचारलं असतं, भाऊ कोण, काय करतो. गाडी माझ्या हातात, मागे चाळीस माणसं. दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला. खायचं काय होतं आम्ही? आणि मधल्याच्या पोरीच्या शाळेचं मी बघतोय ना अजून?"

लाँड्रीत तिनेही मालकाला अशक्तपणा आहे एवढंच सांगितलं होतं. खरं सांगितलं असतं तर उद्या तिच्या टेबलापाशी दुसरी कुणी उभी असती. पण मालकाशी खोटं बोलणं वेगळं. मधला तर दादाचा पाठचा भाऊ होता. लहानपणी एका पांघरुणात झोपायची तिघं.

"ऑफिसला नसतंस सांगितलं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "त्याला सांगायचंस. कानात. पोती उचलू नकोस, एवढं तरी."

"पोती उचलली नसती तर काय केलं असतं त्याने? दुसरं काय येत होतं त्याला?"

"ते त्याचं त्याला ठरवू द्यायचंस."

आतला नळ बंद झाला.

"डॉक्टरीणबाईंना माझं नाव सांगितलंस?" दादाने हळूच विचारलं.

तिने गोळ्यांची पट्टी पिशवीत टाकली. मग उठली. त्याचा फोन फळीवर होता. तिने मधल्या वहिनीचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"तू सांग. मी नाही सांगणार. आधी सांग तो पीत नव्हता, आणि मग बाकीचं."

"अगं, असं एकदम..."

पण पलीकडून फोन उचलला गेला होता.

"बोला भाऊजी!" मधल्या वहिनीचा आवाज खुलला. "आज बरी आठवण झाली. थांबा, तुमची पुतणी आत्ताच मैदानावरून आलीय. शर्यतीत घेतलंय तिला, तुम्हालाच सांगायचं म्हणून धावत आली. आधी तिच्याशी बोला."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खडखड झाली.

"काका," पोरगी म्हणाली. पुढे शब्द आलाच नाही. नुसता श्वास ऐकू येत राहिला. भराभर, तुटक.

"एक मिनिट हं काका... जरा दम खाऊ दे."