चैतूचा आवाज

सुकलू मडावीनं बंद पडलेल्या राइस मिलचं दार लाथेनं उघडलं, तेव्हा आत गाणं सुरूच होतं.

बँडमधल्या ज्योत्स्नानं लॅपटॉपवरचं गाणं थांबवलं, गिटार भिंतीला टेकवली. "या ना भाऊ," ती म्हणाली. पण सुकलू आणि लॅपटॉप यांच्या मधे येऊन उभी राहिली.

"ते गाणं पहिल्यापासून लाव."

"आज शेवटचं रेकॉर्डिंग आहे, भाऊ. रविवारी अल्बम निघते. तवा ऐका न."

"आत्ता लाव म्हनलं!"

तासाभरापूर्वी वाजिदनं आपल्या मोबाइलच्या दुकानात त्याला बँडनं जाहिरातीसाठी पाठवलेला याच गाण्याचा तुकडा ऐकवला होता. "भाऊ, चैतूच गाऊन राह्यला ना हा?" असं वर विचारलंही होतं.

'नववा तास' हा सावली गावच्या चर्चमधल्या पोरापोरींचा मेटल बँड. चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत त्यात सुकलूचा एकुलता एक चैतू गात असे. गात कसला, घशातून गुरगुरत असे, डरकाळ्या फोडत असे. सुकलू चर्चचा पंच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"देवासमोर असं ओरडते का कोनी?"

"देवाले सगळं चालते, बाबा," चैतू हसायचा.

मग एके संध्याकाळी प्रॅक्टिसहून परतताना मूल गावाकडच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला रानडुक्कर आडवं आलं.

पोराला माती देऊन आल्यापासून सुकलूची बायको कमळा एक शब्द बोलली नव्हती. गडचिरोलीच्या डॉक्टरनं तपासलं. घशाला काहीच झालेलं नाही म्हणाला, मनाला धक्का बसलाय. घरातून ती बाहेर पडायची ती फक्त बुधवारी, बायांच्या प्रार्थनेला. तिथून आली की पोटभर जेवायची, गाढ झोपायची. देव काम करतोय, असं सुकलूला वाटायचं. आजही ती दुपारीच गेली होती. बरंच झालं. हे गाणं तिच्या कानावर पडलं असतं तर?

ज्योत्स्नानं बटण दाबलं.

आधी नुसता ढोल. मग रेल्याची, गोंडी नाचगाण्याची चाल, तिच्यात मिसळलेलं चर्चमधलं जुनं विलापगीत, आणि दोन्हींवर दरड कोसळावी तशा गिटारी. त्या सगळ्याखालून तो आवाज वर आला. श्वास घेतानाची ती खरखरसुद्धा चैतूचीच.

"मेलेल्या पोराचा आवाज विकून राह्यले तुमी?"

"चैतूचा नाई तो, भाऊ."

"मग कोनाचा?"

कोपऱ्यात बारदान शिवून केलेला पडदा होता. ज्योत्स्नाची नजर तिकडे गेली आणि लगेच खाली वळली. "नाई सांगता येत. वचन देलं आहे मी."

"माह्या पोराचा आवाज मले समजत नाई काय?"

त्यानं तिला बाजूला ढकललं आणि लॅपटॉप उचलला. वायरी ताडकन निघाल्या. गाणं मधेच तुटलं.

"भाऊ, नका! वर्षभराचं काम आहे त्याच्यात. दुसरीकडं कुठीच नाई ते!"

सुकलूनं हात डोक्यावर नेले. खाली सिमेंटची फरशी होती.

आणि गाणं जिथं तुटलं होतं, नेमकं तिथूनच तो आवाज पुन्हा उठला. पडद्यामागून. मिलचे पत्रे थरथरले. सुकलूचे हात वरच्या वर थिजले.

"चैतू?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

लॅपटॉप छातीशी धरून तो दोन पावलं चालला. एका हातानं त्यानं बारदान ओढलं.

मुठी आवळून, डोळे मिटून, मानेच्या शिरा ताठ करून मायकापुढे कमळा उभी होती. श्वास संपला तशी डरकाळी थांबली. तिनं डोळे उघडले, पदरानं तोंड पुसलं.

"खाली ठेवा जी ते," ती म्हणाली.