अकरा गोळ्या

शेतमालकानं उसावर दोन औषधं एकाच पंपात कालवून मारली आणि तो पंप गोडादरा गावाच्या तळ्यात धुतला. चार दिवसांत सगळे मासे पोट वर करून तरंगले.

“एकेका औषधानं काही होत नाही, बेन,” गुजराती शेतमालक म्हणाला.

“मग दोन्ही मिळून काय झालं, ते बघा ना शेठ!” तळ्याकाठी राहणारी सुपडाबाई तडकली.

तरीही अमावास्येला सकाळी नेहमीप्रमाणे तिनं माशांसाठी पिठाच्या अकरा गोळ्या तळ्यात टाकल्या. पाणी हललं नाही. गोळ्या मात्र एकेक करून खाली ओढल्या गेल्या.

घरी येऊन तिनं माठावरचं झाकण काढलं. अकराही गोळ्या आत तरंगत होत्या, चिमुकल्या तोंडांनी कुरतडलेल्या.

शेजारचा पेला अजून ओला होता. नात आत्ताच पाणी पिऊन शाळेत गेली होती.