ताटीत मुळी धरलेली वेल

वेली तुम्ही मारल्या. गाडीतून उतरल्या तेव्हा अकराच्या अकरा हिरव्यागार होत्या. तुमच्या कागदानं त्या मेल्या आणि नाव लागलं बायकांचं.

देवकाबाई हे बोलणं कित्येक महिने तोंडात घोळवत होती. आणि आज रोपं वाटणाऱ्या सरकारी हापिसाचे साहेब स्वतःच सिंदी मेघेत, तिच्या घरापुढच्या छपरीत येऊन खुर्चीवर बसले, तर तिनं आधी त्यांच्यापुढे पाण्याचा गिलास ठेवला. घरी आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय भांडायची रीत नव्हती.

२००४ सालचा मे महिना, भर दुपार. साहेबांच्या मांडीवर पंचनाम्याचे अकरा कागद होते. दहांवर सह्या झाल्या होत्या. बचत गटाची अध्यक्ष सीताबाई साहेबांच्या खुर्चीमागं उभी होती. कागद पूर्ण झाले की गटाला शिलाई मशिना मिळणार, एक जरी राहिला तर फाईल बंद, असं तिनं दारातच सांगून टाकलं होतं.

साहेबांनी अकरावा कागद पुढे केला. व्हॅनिलाची वेल, मृत.

"माही जिती आहे," देवकाबाई म्हणाली.

साहेब हसले. मग तिनं कूलरकडे बोट केलं आणि त्यांचं हसू थांबलं.

कूलरच्या सावलीतल्या बाजूला, गवताच्या ओल्या ताटीला चिकटून ती वेल चढली होती. बोटाएवढी जाड, सात पानं. मधूनच सुतळीसारखी एक मुळी निघून थेट ताटीच्या गवतात घुसली होती.

पावसाळ्यात गटातल्या अकरा बायकांना एकेक रोप देताना साहेबांच्या हापिसानं सोबत एक छापील कागद वाटला होता. दीड फूट खड्डा, भरपूर शेणखत, रोज पाणी. कोणत्या डोंगरातल्या मातीसाठी तो लिहिला होता देव जाणे. इथं काळी माती, पाणी मुरता मुरत नाही. पण सरकारी कागद म्हणून बायकांनी इमानदारीनं पाळला, अन् रोज सकाळी उठून वेली बुडवल्या. देवकाबाईनंही बुडवली. दिवाळीत तिची वेल बुडापासून काळी पडली, तेव्हा मात्र तिनं कागद चुलीत टाकला. नवऱ्याचं, महादेवरावांचं, दाढीचं ब्लेड घेतलं, सडका भाग कापून फेकला, कापल्या जागी हळद दाबली, दोन दिवस सावलीत सुकवली. मारोतीच्या देवळातून नारळाच्या शेंड्या वेचून आणल्या आणि भिजवून वेलीभोवती बांधल्या. मातीचा कण लागू दिला नाही. उन्हाळ्यात पानं सुरकुतली, तर ती उचलून कूलरला आणून बांधली. लाईन गेली की तासातासाला ताटीवर लोट्यानं पाणी मारायचं.

एकदा महादेवराव ताटी बदलायला, स्क्रू काढायचा पेचकस घेऊन गेले, तर बायकोनं तो हातातून काढून घेतला. तेव्हापासून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, कूलर वेलीचा आहे, मी आपला भाड्यानं झोपतो.

साहेब उठले. पान दोन बोटांत धरून पाहिलं. ही वेल तीच कशावरून, असं त्यांनी विचारलं. तीच आहे, मी रोज पाहते, असं सीताबाई बोलून गेली. साहेबांनी खिशातला पेन काढला, 'मृत' खोडून वर 'जिवंत' लिहिलं. आता तर झालं ना, ताई, अकरात एक जगली तर जगली, करा सही.

देवकाबाईनं पेनाला हात लावला नाही. बाकीच्या दहा कशानं मेल्या ते अजून कोणी बोललं नव्हतं.

"प्रफुलची माय, करून टाक न सही," खाटेवर बसलेले महादेवराव बायकोला म्हणाले. "साऱ्या बायांच्या मशिना तुह्यापायी अडून राह्यल्या."

हे तिला लागलं. मशीन तिलाही पाहिजे होती. तिनं पेन घेतला. साहेबांनी गिलास उचलला, घोटभर पाणी प्यायले.

चौथी शिकलेली बाई, अक्षर अक्षर बोटाखाली घेत वाचणारी. सही कुठं करायची ते शोधता शोधता तिचं बोट एका ओळीवर थांबलं. नुकसानीचं कारण: लाभार्थी महिलेचा निष्काळजीपणा.

'जिवंत' पेनानं लिहिलं होतं. ही ओळ टाइप केलेली होती.

तिनं साहेबांच्या मांडीवरून बाकीचे दहा कागद उचलले. साहेब अहो अहो करत राहिले. सगळ्यांवर तीच ओळ, त्याच जागी. एकावर तर सीताबाईची सही.

वाचलं होतं का, असं तिनं सीताबाईला विचारलं. साहेबांनी बोट ठेवलं तिथं सही केली, एवढंच सीताबाई म्हणाली.

"तो ठरलेला मजकूर असतो, ताई," साहेब म्हणाले. "सगळीकडे तोच जातो. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही."

देवकाबाईनं पेनाचं टोपण लावलं. अकराही कागदांची घडी केली, खाली फरशीवर बसली आणि घडी मांडीखाली घातली. साहेबांच्या खुर्चीमागं उभी असलेली सीताबाई दोन पावलं चालून आली आणि तिच्याजवळ बसली. आता ती साहेबांकडेच पाहत होती.

"वेली काऊन मेल्या ते तुमी हापिसातूनच टाइप करून आणलं," देवकाबाई म्हणाली. "मंग एवढ्या उन्हात पाहाले कायले आले?"

साहेबांनी महादेवरावांकडे पाहिलं. महादेवराव वेलीकडे पाहत होते.

"त्यायले नोका पाहू, साहेब. इचारून मी राह्यली. सांगा."