परवाचा फोन

"पासवर्ड तुम्हीच दिलात?" मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं आणि काकूंनी दुसऱ्यांदा मान डोलावली.

टेबलावर निलंबनाचं पत्र तयार होतं. ते कॉम्प्युटरवाल्याने टाइप केलं होतं, कारण इस्पितळात न चुकता टाइप करणारा तोच एक. आज मात्र काकूंचं नाव त्याच्याकडून तीनदा चुकलं होतं.

काल सकाळपासून इस्पितळाच्या सगळ्या फायली कुठल्याशा भामट्याने कुलूपबंद करून ठेवल्या होत्या. एक्स-रे उघडत नव्हते. चार ऑपरेशनं पुढे ढकलली होती आणि त्यातल्या एका ऑपरेशनचे आजोबा, कालपासून दोनदा उपाशी राहिलेले, बाहेर बाकावर बसून सगळ्या खात्यांचा उद्धार करत होते. भामटा आत शिरला तो काकूंच्या पासवर्डने. तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये काकूंची सव्वीस वर्षं झाली होती. निवृत्तीला सात महिने उरले होते.

समोरच्या भिंतीवर पोस्टर होतं. 'पासवर्ड कुणालाही सांगू नका.' त्यातलं 'कुणालाही' कॉम्प्युटरवाल्याने हौसेने लाल करून घेतलं होतं. आता तो त्या भिंतीकडे सोडून सगळीकडे पाहत होता.

डॉक्टर म्हणाले, अँटिव्हायरस घेतला, फायरवॉल घेतली, पण माणसांना अक्कल कुठून आणायची? कॉम्प्युटरवाल्याने मान हलवली. ती त्याला भलतीच जड लागली.

काकूंनी चष्मा पुसला. आपल्याला यातलं फारसं कळत नाही, हे त्यांनी आधीच कबूल करून टाकलं. परवा फोन आला, काकू, कॉम्प्युटर खात्यातून बोलतोय, पासवर्ड सांगा, बसल्या जागी दुरुस्त करतो, असं तो म्हणाला, म्हणून सांगितला.

"आणि लगेच विश्वास ठेवलात?"

"आवाज जरा वेगळा वाटला," काकू म्हणाल्या. "म्हटलं, सर्दी झाली असेल बिचाऱ्याला."

सर्दी कुणाला, हे डॉक्टर असूनही साहेबांनी विचारलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

एवढ्या वेळात काकूंनी कॉम्प्युटरवाल्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. रागाने पाहिलं असतं तर त्याने निभावून नेलं असतं.

पेन कागदाला टेकलं.

"साहेब, थांबा," तो म्हणाला. "तीन मजले उतरायचा कंटाळा, म्हणून दर आठवड्याला काकूंना फोन करून पासवर्ड मीच विचारायचो. परवाचा तेवढा माझा नव्हता."