एकच ‘नको’

सत्तावीस चिठ्ठ्यांवर ‘चालेल’ होतं. अठ्ठाविसावी बाईंनी तीनदा वाचली.

‘हलाल नको. आणलं तर मी टेबलावर बसणार नाही.’

खाली नाव नव्हतं. नाव लिहू नका, असं बाईंनीच सांगितलं होतं. अक्षर मात्र मुद्दाम वेडंवाकडं काढलेलं. एरवी वर्गातल्या कुठल्याही मुलाचं अक्षर त्या लांबून ओळखायच्या. आज दोनदा चष्मा पुसूनही ओळख पटेना.

परीक्षा संपली की वर्गाचं जेवण असायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात कोंबडी आणि भाजी शिजायची, बाकं जोडून लांबलचक टेबल व्हायचं. वर्गातली भिंगरी मात्र त्या टेबलावर कधी नसायची. तिच्या घरी हलालच, म्हणजे त्यांच्या धर्माच्या रीतीने कापलेलंच मांस चालायचं. वाढायचा डाव सगळ्या पातेल्यांतून फिरतो म्हणून तिची आई भाजीलाही नको म्हणायची. आणि घरचा डबा टेबलावर आणायचा नाही, हा मोठ्या सरांचा नियम. एकाने आणला की सगळे आणतील. डबेवाल्यांनी जिन्यात बसायचं.

चार वर्षं भिंगरी जिन्यात जेवली. हे तिचं या शाळेतलं शेवटचं वर्ष. यंदा ती टेबलावर बसलीच पाहिजे, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यासाठी सगळ्यांचीच कोंबडी हलालच्या दुकानातून आणायची.

आचाऱ्याची काही तक्रार नव्हती. “दुकान बदला म्हणालात, बदललं. माझ्या हातची चव तीच राहणार, बाई.”

मोठे सरही अडून बसले नाहीत. एवढंच म्हणाले, “एका जरी मुलाला नको असेल तर बेत नेहमीसारखा. एकीला बसवायचं म्हणून दुसऱ्याला उठवायचं नाही.”

म्हणून तर चिठ्ठ्या. आणि सरांना त्या उद्याच दाखवायच्या होत्या.

ज्यांना फरकच पडत नव्हता, ती मुलं बाईंनी आधी वगळली. गोगलगाय त्यातला पहिला. एक घास चावायला त्याला वर्गातल्या घड्याळाची पाच मिनिटं लागायची, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. पोटाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्याला बाहेरचं खाणं बंद केलं होतं. तरी तो फळा पुसत होता तेव्हा बाईंनी विचारलंच.

“मला काय, बाई. माझा डबा ठरलेला,” तो म्हणाला आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिला.

मग पशुवैद्य असलेली एक आई फाटकात भेटली. “धर्माचं मला काही नाही. कापताना त्या जिवाला त्रास किती होतो, एवढंच मी बघते,” ती म्हणाली. “पण ते माझं मत. लेकीला मी अडवलेलं नाही. ती तर मेजवानीचे दिवस मोजतेय.”

राहता राहिला वर्गातला खादाड पैलवान. त्याच्या वडिलांचा आदल्याच दिवशी फोन आला होता.

“आमच्यात ते चालत नाही, बाई. एका मुलीसाठी सत्तावीस जणांनी का बदलायचं?”

“सत्तावीस जणांसाठी ती चार वर्षं जिन्यात बसलीच ना?”

 “ते वेगळं,” म्हणून फोन बंद झाला.

बाईंनी पैलवानाला बाजूला घेतलं. “खरं सांग. चिठ्ठी तुझी?”

“माझी?” पैलवान खरोखरच दुखावला. “मी जेवायला बसणार नाही, असं मी लिहीन?”

“पण घरी चालत नाही ना?”

“बाबा म्हणाले, तू भाजी खा. भाजीसुद्धा मी कमी खात नाही, बाई.”

बाईंना हसूही आलं आणि त्या आणखीच गोंधळल्या. ज्याच्यावर संशय घ्यावा तो सरळ निघत होता. मग हे ‘नको’ आलं कुठून? त्यांनी सगळ्या वर्गाला विचारलं. “ज्याने लिहिलं त्याला मी रागावणार नाही. फक्त कारण सांगा. आपण वाट काढू.” एकही हात वर आला नाही. मागच्या बाकावरून पैलवान तेवढा, “मी नाही हां,” असं दोनदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी ती चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली. “वाईट वाटतं, बाई. पण ठरलं होतं.”

आता हे भिंगरीला सांगायचं काम उरलं. सुट्टीत बाईंनी तिला थांबवून घेतलं. एरवी एका जागी न ठरणारी पोर आज टेबलाला टेकून मुकाट उभी राहिली.

“भिंगरे, जमलं नाही गं. कुणाला तरी नको आहे.”

रडेल, असं बाईंना वाटलं होतं. पोर नुसतीच बुटाच्या टोकाने फरशी घासत राहिली.

“कोण ते कळलं का, बाई?”

“नाही. आणि कळलं तरी राग धरू नकोस. ज्याने लिहिलं, त्याची काही अडचण असेल.”

“मोठे सर त्याला ओरडतील?”

“कुणीही ओरडणार नाही.”

भिंगरीने दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नाही याची खात्री केली, आणि बाईंच्या अगदी कानाशी आली.

“बाई, ती मीच लिहिली. मी टेबलावर आले तर जिन्यात गोगलगाय एकटाच जेवेल ना!”