पाटीपलीकडचा किनारा

"युद्धात जो घाबरला, तो जिवंतपणीच मेला," पेंटर गंभीरपणे म्हणाला. त्या वेळी त्याची विजार नेमकी बसायच्या जागी काटेरी तारेत अडकली होती आणि बायको ती सोडवत होती.

"हलू नका, फाटेल," ती म्हणाली. "एवढी एकच धड उरलीय."

तारेपलीकडे समुद्र होता. युद्धाआधी सुटीच्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नसायची. आता सरबताच्या टपरीला कुलूप होतं आणि रिकामा झोपाळा हलत होता, जसं कुणी नुकतंच उतरून गेलंय. तारेवर जागोजागी पाट्या होत्या : 'पुढे सुरुंग आहेत. पाऊल टाकू नये.' सगळ्या पेंटरच्याच हातच्या.

त्या पाट्या लागल्यापासून गावाने किनाऱ्याकडे पाठ फिरवली होती. पेंटरने मात्र नाही. पाट्यांचं काम देताना कप्तानाने दार लोटून घेऊन त्याला सांगितलं होतं, "सुरुंग कुठले आलेत? होते ते सरहद्दीवर गेले. इथे पाट्यांवरच भागवायचं. शत्रूलाही वाचता येतंच की."

तेव्हापासून दर सुटीला पेंटरचं कुटुंब या तारेखालून सरपटत जायचं. एवढा मोठा समुद्र एकट्याच्या मालकीचा. असं सुख राजेरजवाड्यांच्याही वाट्याला आलं नसेल, असं तो म्हणायचा.

पण तो येत होता तो लेकीसाठी. एके काळी तिची बडबड थांबत नसे, म्हणून तिला टिटवी म्हणत. मागच्या गल्लीत बॉम्ब पडला त्या दिवसापासून ती घरात एक अक्षर बोलली नव्हती. तारेपलीकडे पाऊल पडलं, की मात्र तिची आगगाडी सुरू व्हायची. पुढे इंजिन म्हणून बाबा, मागे आजी, मग आई, शेवटी गार्ड म्हणून ती. प्रत्येकाने पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवायचं. रुळावरून घसरला तो बाद.

त्याच बॉम्बने पेंटरच्या सासूबाईंचा उजवा कान नेला होता. डावा नातेवाइकांची निंदा ऐकण्यापुरता शाबूत होता. त्यांचा मुलगा नौदलाच्या बोटीवर गेला, त्याला वर्ष होत आलं. बोटीचाही पत्ता नव्हता. त्या दर वेळी एक टॉवेल जास्तीचा आणायच्या. पेंटरने एकदा विचारलं होतं, कशाला म्हणून.

"पोहून आला तर अंग नको पुसायला?" त्या म्हणाल्या होत्या. पुन्हा कुणी विचारलं नाही.

विजार सुटली. पेंटर उभा राहिला आणि तिथेच थबकला. वाटेच्या तोंडाशी एक नवी पाटी होती.

"हे कुणाचं पाप?" तो म्हणाला. "ओळ बघ. जिन्यावरून घरंगळल्यासारखी. आणि शेवटचं अक्षर खिशात कोंबल्यासारखं."

"वाचता येतंय ना?" बायको म्हणाली.

"वाचता डॉक्टरची चिठ्ठीही येते. उद्या लोक म्हणतील, पेंटरचा हात गेला."

"लोक इथे येतात कुठे?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

टिटवीने शिट्टी घातली. गाडी निघाली. वाळू आज कुणी हात फिरवल्यासारखी सारखी झाली होती. वाऱ्याचं काम त्या नव्या पाटीवाल्यापेक्षा बरं, असं काहीसं इंजिन पुटपुटलं. नेहमीच्या जागी चटई पडली. सासूबाई मांडीवर टॉवेल घेऊन समुद्राकडे तोंड करून बसल्या, इकडे सरकल्या, तिकडे सरकल्या, चटईला नावं ठेवून झाल्यावर गप्प झाल्या. बायको उकडलेले बटाटे सोलायला लागली.

पेंटरने पिशवीतून रंगाचा डबा काढला. खाऱ्या वाऱ्याने उडालेली अक्षरं तो दर खेपेला दुरुस्त करायचा.

"आज सुटी आहे ना?" बायकोने विचारलं.

"अक्षराला सुटी नसते." तो आल्या पावलांनी परत गेला. रुळावरून नीट, नाहीतर टिटवीने बाद केलं असतं.

त्याने कुंचला टेकवला तेवढ्यात रस्त्यावरून कप्तान सायकलवर आला.

"तुम्ही इथे काय करताय?"

"तुमची अब्रू झाकतोय. कुणाकडून रंगवून घेतलीत ही?"

"शिपायाकडून. घाई होती." कप्तान तारेपलीकडे बघत होता. "ती माणसं कुणाची?"

"माझीच."

कप्तानाच्या हातून सायकल सुटली. ती आडवी पडली. चाक फिरत राहिलं.

"सुरुंग आले हो," तो म्हणाला. "परवाच पुरले."

पेंटरच्या कुंचल्यातून रंग त्याच्या पायावर टपकला.

"मला सांगितलं नाहीत."

"पाटी लावली होती की."

मग पेंटरने वाळूकडे बोट केलं. तारेपासून चटईपर्यंत पावलांची एकच रांग गेली होती. "आगगाडी," तो म्हणाला. "आम्ही आगगाडी खेळतो."

कप्तानाने ती रांग पुन्हा पुन्हा पाहिली. त्याचा श्वास सुटला. "मग त्याच पावलांत परत बोलवा. सावकाश. कुणाचा पाय वाकडा पडलाच तर उचलायचा नाही. हे दाबल्याने उडत नाहीत, वरचं वजन उठलं की उडतात. माझी माणसं येईपर्यंत तसंच थांबायचं. समजलं?"

पेंटरने मान हलवली. कुंचला डब्यात ठेवला आणि आवाजात जमेल तेवढी सुटी आणली.

"टिटवे, गाडी परत निघाली गं. आज गार्ड पुढे. सगळ्यांनी रुळावरून."

टिटवीने लांबलचक शिट्टी घातली. बायकोने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता तिचा हात धरला. चटईवरून सासूबाईंनी टॉवेल वर करून हलवला.

"जावईबापू, आधी मला उठायला हात द्या," त्या ओरडल्या. "मघापासून बुडाखाली काहीतरी कडक लागतंय."